वाघ चार, बकऱ्या वीस



दर अंकात आपण बेणे, लागण, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. हंगाम आटोपला की सुट्टीला नातवंडे घरी येतात आणि दिवसभर मोबाईलात डोके घालून बसतात. त्यांना शिकवता येईल असा एक जुना खेळ आपल्याकडे आहे. तो म्हणजे वाघ-बकरी.

बुद्धिबळात सोळाविरुद्ध सोळा असतात. वाघ-बकरीत तसे नाही. एकीकडे थोडे वाघ, दुसरीकडे बकऱ्यांचा कळप. कुठे तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, तर कुठे चार वाघ आणि वीस बकऱ्या. नेपाळात ‘बाघचाल’ म्हणून खेळतात तो चार-वीसचाच. रावणाचे मन युद्धातून काढावे म्हणून मंदोदरीने पटावरचे युद्ध रचले, अशी दंतकथा आहे. बुद्धिबळाबाबत ती विल्यम जोन्स यांनी १७९० च्या सुमारास नोंदवली; बाघचालीबाबतही काही जण तीच सांगतात. दंतकथा ती दंतकथा! पण हा खेळ गुराख्या-मेंढक्यांच्या अनुभवातला वाटतो खरा. ठाणे-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात आजही वाघबारस पाळतात, वाघदेवाला पुजतात. जुन्नरकडे तर बिबट्या उसातच पिल्ले घालतो. कळपापासून सुटलेल्या शेळीचे काय होते, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता पट आखू. एक चौरस काढा. पाच उभ्या, पाच आडव्या रेघा मारा, म्हणजे पंचवीस ठिकाणे होतात. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा ओढा. चारही बाजूंचे मध्य एकमेकांना तिरपे जोडा. झाला पट. वाघांना चार मोठे खडे, बकऱ्यांना वीस चिंचोके.

चार कोपऱ्यांवर चार वाघ बसवा. पहिली पाळी बकरीवाल्याची. त्याने मोकळ्या ठिकाणी एक बकरी ठेवायची, मग वाघाने रेघेवरून एक घर सरकायचे. शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडे सरळ रेघेत जागा मोकळी असेल, तर वाघ उडी मारून ती खातो. एका उडीत एकच बकरी. वीसच्या वीस बकऱ्या पटावर आल्याशिवाय एकीलाही हलता येत नाही. नंतर त्या एकेक घर सरकतात. उडी मारण्याचा हक्क त्यांना नाही. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

नवखा माणूस पटाच्या मधोमध बकऱ्या टाकतो आणि हरतो. जाणता आधी कडा धरतो. कारण कडेच्या बकरीवरून फक्त कडेकडेनेच उडी मारता येते, आणि कोपऱ्यातल्या बकरीला तर खाताच येत नाही. जिच्या पाठीमागे दुसरी बकरी उभी, तिच्यावरून वाघ जाऊ शकत नाही. सहकारात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग वाघ भारी की बकऱ्या? लिम यू जिन आणि युर्ग निव्हरगेल्ट या दोन अभ्यासकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर चार-वीसचा खेळ तपासला. दोन्हीकडून एकही चूक झाली नाही तर डाव बरोबरीत सुटतो, असे त्यांनी दाखवले. बळ विषम, पण न्याय सारखा!

मागल्या उन्हाळ्यात बदलापूरला हेंद्रेपाड्यात पाहुण्यांकडे गेलो होतो. आपल्याकडची बरीच मुले नोकरीपायी तिकडे राहतात. इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत, गावाकडून आलेले एक आजोबा फरशीवर खडूने पट आखून बसले होते. वाघ म्हणून बाटलीची बुचे, बकऱ्या म्हणून शेंगदाणे.

“आजोबा, वाघ मी घेणार!”

“घे की. पण कोंडला तर रडायचं न्हाई.”

खडूचा पट पुसला तरी पुन्हा आखता येतो. दगडातला पट मात्र एकदा गेला की गेलाच. जुनी लेणी, गड, देवळांचे ओटे अशा ठिकाणी खेळांचे पट कोरलेले सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतही ते आहेत. आपल्या गावोगावी सध्या देवळांचे जीर्णोद्धार चालू आहेत. जुनी दगडी फरसबंदी उखडते किंवा चकचकीत फरशीखाली गाडली जाते.

तेव्हा देवस्थान समितीवरच्या सभासदांना विनंती, की फरशी बसवण्याआधी जुने दगड एकदा झाडून, पाणी मारून नीट बघावेत. रेघांचा पट दिसला तर तो दगड आहे तिथेच उघडा राहू द्यावा. अगदीच काढावा लागला, तर फोडू नये, पारावर बसवावा. गावातल्या जाणत्यांना तो कसा खेळत हे विचारून लिहून ठेवावे आणि फोटोसह शेतकी गट ऑफिसला कळवावे. पुढच्या अंकात गावाच्या नावासह छापू.

— ऊस विकास अधिकारी