गावकारभाऱ्यांचा गौरव: सहा दशकांचा मागोवा

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या 1 मे 1962 रोजी सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला 1961 चा कायदा त्यामागे होता. ग्रामपंचायतींचा कायदा त्याआधीच, 1958 मध्ये झाला होता. गावचा कारभार आता निवडून आलेले सरपंच-सदस्य आणि सरकारी नेमणुकीवरचे ग्रामसेवक, तलाठी यांच्या हाती एकत्र आला. त्यांच्या चांगल्या कामाची दाद देण्याची रीत मात्र जुनीच राहिली: शाल, श्रीफळ, हार आणि बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळी निरोप समारंभ. शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार 1958 पासून होता. रात्री उशिरापर्यंत घरपट्टीचा हिशेब जुळवणारा ग्रामसेवक किंवा दुष्काळात आणेवारीसाठी शिवार तुडवणारा तलाठी यांच्या वाट्याला असे काही नव्हते.

या निरोप समारंभांना कमी लेखण्याचे कारण नाही. साहेबांची बदली झाली म्हणून बायाबापड्यांनी एसटीच्या थांब्यापर्यंत जावे, हा मान कागदावरच्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठा असतो. पण तो माणूस गाव सोडताना मिळत असे. काम चालू असताना त्याचा उपयोग होत नसे. शिवाय कोणते काम चांगले, हे ठरवण्याचे माप कुणाकडेच नव्हते.

हे माप संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने दिले. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, 2000-01 मध्ये ते सुरू झाले. गावाने स्वतः झाडलोट करायची, गटारे काढायची, शोषखड्डे घ्यायचे, शौचालये बांधायची आणि मग समितीने येऊन गुण द्यायचे, अशी त्याची रचना होती. निवड पायरीपायरीने वर, राज्यपातळीपर्यंत जात असे. तपासणीच्या दिवशी समिती गल्लीबोळांतून फिरे, पाण्याच्या टाकीजवळ थांबे, अंगणवाडीत डोकावे, घरात शिरून पिण्याच्या पाण्याचे भांडे झाकलेले आहे का आणि त्याला ओगराळे आहे का, हे पाही. पंचायतीच्या कार्यालयात दप्तर उघडले जाई. दप्तराच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी कोणता अपुरा आहे, हे ग्रामसेवकाला तिथल्या तिथे सांगावे लागे. बक्षिसाची रक्कम व्यक्तीला नव्हे, ग्रामपंचायतीला मिळे आणि ती गावाच्याच कामावर खर्च होई. गौरवाच्या आधी कामाची पाहणी, हा क्रम राज्यभर रुजला तो इथून. या अभियानाचे खरे मोल त्यातच आहे.

केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्काराने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. 2005 मध्ये पहिले पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दिले गेले. तालुक्याच्या कचेरीत ताटकळण्याची सवय असलेल्या सरपंचाला राष्ट्रपतींनी पुरस्कार द्यावा, ही घटना साधी नव्हती. त्याच सुमारास यशवंत पंचायत राज अभियान आले. यशवंतराव चव्हाणांच्या नावाच्या या अभियानात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या कारभाराला गुण मिळू लागले. 15 ऑगस्ट 2007 पासूनच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातले भांडण गावात मिटवणाऱ्यांची दखल घेतली. 2016 ची स्मार्ट ग्राम योजना पुढे आर. आर. (आबा) पाटील यांच्या नावाने चालू राहिली.

दिल्लीच्या दिनदर्शिकेतही याच काळात दोन दिवस आले. सरदार पटेल यांनी 21 एप्रिल 1947 रोजी दिल्लीतील मेटकाफ हाऊसमध्ये नव्या प्रशासकीय अधिकाऱ्यांपुढे भाषण केले होते. त्याच्या स्मरणार्थ 2006 पासून नागरी सेवा दिन पाळला जातो. पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली, म्हणून 2010 पासून तो दिवस राष्ट्रीय पंचायत राज दिन झाला. महाराष्ट्रात महसूल खात्याचा दिवस 1 ऑगस्ट आहे आणि त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांत तलाठी, मंडळ अधिकारी, कोतवाल यांचा सत्कार होतो.

व्यक्तीच्या पातळीवर हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांचा गौरव सर्वांत ठळक ठरला. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर) या दुष्काळी गावाचे नेतृत्व त्यांच्याकडे 1989 च्या सुमारास आले. पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि कूपनलिकांवर शेती न करण्याचा निर्णय यांतून गाव सावरले. पावसाच्या मापानुसार पिके ठरवायची, हा पाण्याचा ताळेबंद तिथे दरवर्षी मांडला जातो. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाला सुमारे तीस वर्षे झाली होती.

महिला कारभाऱ्यांना हा मान मिळणे अधिक अवघड गेले. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांसाठी 1990 मध्ये 30 टक्के आणि 2011 मध्ये 50 टक्के आरक्षण आले. तरीही कित्येक वर्षे सरपंचबाईंच्या सत्काराचा हार त्यांच्या पतीच्या गळ्यात पडत राहिला. ही चाल अजून पुरती गेलेली नाही आणि तिचे समर्थन करता येणार नाही.

सर्वांत उशिरा दखल घेतली गेली ती गावातले आरोग्याचे काम करणाऱ्या आशा सेविकांची. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. मात्र मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना 2021 मध्ये संप करावा लागला आणि 2024 मध्ये पुन्हा. जगभर नाव झालेल्या माणसांना घरखर्चासाठी रस्त्यावर बसावे लागणे, हा या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग आहे.

मानधनाचा प्रश्न सरपंचांचाही होता. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दुप्पट केले: 2,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात 3,000 रुपयांचे 6,000, 8,000 पर्यंत 4,000 चे 8,000 आणि त्याहून मोठ्या गावात 5,000 चे 10,000. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णयही तेव्हाचाच. सप्टेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाने गावांच्या गुणांकनाची नवी फेरी सुरू केली.