विचारून सुधारलेला दवाखाना

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याच्या माथ्यावरच्या तोरणमाळला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही दूरच्या पाड्यावरची गरोदर बाई तिथे वेळेत पोहोचेल की नाही, हे एकट्या डॉक्टरांच्या हाती नसते. घरातली वडीलधारी, दाई, आशाताई, झोळी खांद्यावर घेणारे शेजारी, गाडीचा चालक आणि तिथली पावरी बोली समजणारी परिचारिका, यांतला एक जरी मागे राहिला तरी सोय वाया जाते. म्हणून रुग्णालयात काही बदलायचे तर या सर्वांना आखणीतच सामील करून घ्यावे लागते. निर्णय झाल्यावर बोलावलेली बैठक म्हणजे फक्त सूचना होते.

नंदुरबारला याचा अनुभव आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकरी एकत्र बसून एकेका सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत. लसीकरण नियमित होते का, औषध मिळते का, कुणी पैसे मागते का, याचे उत्तर अक्षर न येणाऱ्यालाही त्या तक्त्यावर दिसे. मग जनसुनवाईत तेच प्रश्न अधिकाऱ्यांपुढे मांडले जात. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तर आदिवासींना विचारूनच दवाखाना उभारला. त्यांना परिचित वाटतील अशा झोपड्या बांधल्या, नातेवाइकांना सोबत राहू दिले आणि त्यांच्या देवीवरून त्याचे नाव ‘मां दंतेश्वरी’ ठेवले.

यावर आक्षेप येतो की सामान्य माणसाला वैद्यक काय कळणार? निदान आणि उपचार डॉक्टरांनीच ठरवावेत, यात वाद नाही. पण औषध बाहेरून आणावे लागले की नाही, हे रुग्णाइतके कुणालाच ठाऊक नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रिकाम्या पदांचा आणि न आलेल्या औषधांचा राग जनसुनवाईत समोरच्या परिचारिकेवर निघतो. तिला आरोपी केले तर ती पुढच्या सुधारणेला मनापासून हात लावणार नाही. म्हणून तिच्या अडचणी सुनावणीआधीच नोंदवून घ्याव्यात आणि पदभरतीचा जाब जिल्ह्याला व मंत्रालयाला विचारावा. यात वेळ जातो हे खरे. पण कुणी न वापरलेल्या सोयीवर त्याहून अधिक वेळ आणि पैसा जातो.

तोरणमाळला नवे यंत्र किंवा नवा कक्ष द्यायचा असेल, तर आधी पाड्यांवर आणि कर्मचाऱ्यांना विचारावे, आणि त्यांच्या सांगण्यातले काय स्वीकारले व काय का नाकारले, हे त्यांच्याच भाषेत त्यांना परत जाऊन सांगावे. लोकांचा भरवसा बसतो तो या दुसऱ्या फेरीमुळे.