लाल दिवा लागला? आधी राउटरची पाठ पाहा!

परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची संध्याकाळ आणि नेमकं इंटरनेट गायब. मग घरात राउटरशी झटापट सुरू होते. ही वायर काढ, ती खोच, शेवटी टाचणीने मागचं बारीक बटण दाब. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या गावात दुरुस्तीचा माणूस तासाभरात येईलच असं नसतं. म्हणून बिघाड घरातला की बाहेरचा, हे स्वतःला ओळखता आलं तर निम्मं काम होतं. त्यासाठी राउटरच्या मागची भोकं, म्हणजे पोर्ट, माहीत हवेत.

बाहेरून येणारी वाट

राउटर म्हणजे घरातलं परळी जंक्शन. बाहेरून एक मार्ग येतो आणि इथून फाटे फुटतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. आता खासगी जोडण्याही गावोगाव आहेत. फायबर जोडणीत बहुधा हिरव्या टोकाची बारीक केबल राउटरला लागते. तिच्या आत केसासारखा बारीक काचेचा धागा असतो आणि त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. ही केबल खिळ्याला घट्ट गुंडाळली किंवा कपाटामागे चेपली, की वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि इंटरनेट मंदावतं किंवा बंद पडतं.

काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा राउटर वेगळा असतो. अशा वेळी डब्यातून आलेली वायर राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये लागते. अनेक राउटरवर हा पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो.

घरात जाणारे फाटे

‘लॅन’ लिहिलेले पोर्ट संगणक, टीव्ही किंवा सीसीटीव्हीसाठी असतात. बाहेरची वायर चुकून इथे लागली, तर वायफाय दिसतं पण इंटरनेट चालत नाही. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात. उंदराने त्यातली एखादी कुरतडली, तर वेग सेकंदाला १०० मेगाबिटवर अडकू शकतो. त्याहून अरुंद पोर्ट टेलिफोनचा. फोनची पिन लॅनमध्ये खोचली तर टोन येत नाही.

दिवे काय सांगतात?

‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल, तर बाहेरची लाइन साधारणपणे ठीक आहे. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून पुरेसा प्रकाश पोचत नाही. घरातली केबल कुठे दुमडली आहे का, ते पाहा. तसं नसेल तर दोष बहुधा बाहेरचा आहे. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ऐवजी ‘लॉस लाल आहे’ असं सांगा. दुरुस्ती करणारा मग योग्य सामान घेऊनच निघतो. दोन्ही दिवे ठीक असतील, तर राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करा.

‘रीसेट’चं बारीक बटण मात्र दाबून धरू नका. त्याने राउटरमध्ये भरलेली माहिती पुसली जाते. अनेक जोडण्यांमध्ये त्यात कंपनीने दिलेलं लॉगिनही असतं. ते गेलं, की किरकोळ बिघाडाचं रूपांतर दोन दिवसांच्या खोळंब्यात होतं.

डोळे आणि वीज सांभाळा

फायबरमधला लेझर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. त्यामुळे ‘उजेड येतोय का’ म्हणून केबलच्या टोकात डोकावू नका आणि मुलांनाही डोकावू देऊ नका. त्या टोकाला बोट लावू नका. धुळीचा कणही प्रकाश अडवतो.

मराठवाड्यात वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. काचेचा धागा वीज वाहून नेत नाही, पण अडॅप्टर, तांब्याची लॅन केबल आणि काही फायबर केबलांमधली आधाराची पोलादी तार वाहून नेते. आभाळ भरून येतानाच अडॅप्टर काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नका. अडॅप्टर बदलायचा झाल्यास पिन बसली एवढ्यावर भागत नाही. राउटरवर लिहिलेला व्होल्टेज जुळलाच पाहिजे.

आज एक काम करा. सगळं सुरळीत चालू असताना राउटरच्या पुढच्या दिव्यांचा आणि मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नेट बंद पडल्यावर काय बदललं, हे तो फोटोच सांगेल.