रेडिओतली खरखर येते कुठून?

मंडळी, मागच्या वेळी आपण मीडियम वेव्ह आणि एफएम यांतला फरक पाहिला. आजचा प्रश्न त्याच्याच पुढचा: स्टेशन बरोबर लावलं तरी मीडियम वेव्हवर खरखर येते, ती कुठून?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. गाणं कोणतं आणि गोंगाट कोणता, हे रेडिओला कळत नाही. लावलेल्या वारंवारतेवर अँटेनात जे येईल, ते तो ऐकवतो. आणि विजेचा प्रवाह जिथे झटक्यानं बदलतो, तिथून रेडिओलहरी निघतातच. मिक्सरच्या मोटरमधले कार्बन ब्रश, विजेच्या तारेवरचा सैल जोड, चिरलेला इन्सुलेटर, या सगळ्यांत ठिणग्या उडतात. ठिणगीची ऊर्जा फार मोठ्या पट्ट्यात पसरते. म्हणून काटा फिरवला तरी खरखर पाठ सोडत नाही.

एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यातलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. समजा हा वेग 60 किलोहर्ट्झ आहे. मग 120, 180, 240 अशा पटींवरही लहरी निघतात आणि 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या मीडियम वेव्ह पट्ट्यात ठरावीक अंतरानं गुणगुण ऐकू येते. ती अडवायला फिल्टर लागतो. स्वस्त मालात बचत होते ती बहुधा तिथेच.

मग चोर पकडायचा कसा? बॅटरीवरचा रेडिओ लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच आहे. एकेक उपकरण चालू करत गेलं की सापडतो. नाही थांबली, तर रेडिओ हळूहळू गोल फिरवा. आत फेराइटची आडवी कांडी असते. तिचं टोक उगमाच्या दिशेला आलं की खरखर मंदावते. दिशा विजेच्या खांबाची निघाली, तर त्याला हात लावू नका, वीज कार्यालयाला कळवा.

दिशा शोधण्याचं हेच काम 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या कार्ल जान्स्की यांनी केलं. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनला कशाचा अडथळा होतो, हे त्यांना शोधायचं होतं. 20.5 मेगाहर्ट्झवरच्या त्यांच्या फिरत्या अँटेनात जवळच्या वादळांचा आवाज आला, दूरच्या वादळांचा आला, आणि एक संथ फुसफुसही आली. ती रोज सुमारे चार मिनिटं आधी टिपेला पोहोचायची. तारे 23 तास 56 मिनिटांनी त्याच जागी येतात, म्हणजे उगम ताऱ्यांच्या जगात होता: आपल्या आकाशगंगेत!

आज नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश असेच आवाज ऐकतात. जागा निवडताना रेडिओ-शांतता हा एक निकष होता. तिथे येणारे संकेत इतके क्षीण असतात, की आसपासच्या तारेवरची एक ठिणगीही त्यांना झाकू शकते. आपल्याला गाण्यात जी नुसती खरखर वाटते, तिच्यामुळे तिथे एखाद्या दूरच्या दीर्घिकेचं निरीक्षण वाया जाऊ शकतं.