पुस्तकविक्यानं दाखवलेलं बोट

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. पुस्तक मोबाइलवरून घरपोच मिळतं, तर दुकानात जायचं कशाला? आज तो घेऊ.

डायोजिनीज लेर्शियसनं तत्त्वज्ञांच्या चरित्रांत एक गोष्ट दिली आहे. सायप्रसचा झेनो हा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघाला आणि अथेन्सच्या बंदराजवळ जहाज फुटलं. शहरात येऊन हा बसला कुठं, तर पुस्तकविक्याच्या दुकानात! विक्रेता झेनोफननं लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणी वाचत होता. अशी माणसं भेटतात कुठं, असं झेनोनं विचारलं. नेमका तेव्हाच क्रेटीज हा तत्त्वज्ञ रस्त्यानं चालला होता. विक्रेत्यानं त्याच्याकडे बोट दाखवलं, याच्या मागे जा म्हणाला. पुढे याच झेनोनं स्टोइक पंथ स्थापला.

गोष्ट शब्दशः खरी असेल-नसेल, पण तिच्यात दुकानाचं मर्म आहे. आपला मोबाइल काय करतो? आपण आधी काय घेतलं ते बघून पुढचं सुचवतो. झेनोला त्यानं रंगच दाखवला असता! दुकानदारानं त्याचा प्रश्न ऐकला आणि समोरून जाणारा माणूस दाखवला. शेजारच्या कपाटाशी उभा असलेला अनोळखी गृहस्थ आपल्या हातातलं पुस्तक बघून काहीतरी बोलतो, आपण वाद घालतो. हे ठरवून होत नाही. प्रकाशन समारंभाला बहुधा एकमेकांना ओळखणारेच जमतात.

घर आणि कामाची जागा यांपलीकडच्या अशा ठिकाणांना रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ च्या पुस्तकात ‘तिसरी जागा’ म्हटलं. पण या जागेचं भाडं कोण भरतं? गप्पांना तिकीट नसतं. भाडं, विजेचं बिल, नोकरांचा पगार, सगळं विकल्या गेलेल्या प्रतींतूनच निघतं.

स्वस्त घेणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. मुंबईचं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ तर सवलतीसाठीच नावाजलेलं. टी. एन. शानभागांनी १९४८ साली ते स्ट्रँड चित्रपटगृहात सुरू केलं, पुढे ते फोर्टात आलं. सवलत होती, आणि पुस्तकं जाणणारा माणूसही होता. २०१८ मध्ये तेही बंद झालं.

आणि आपण काय करतो? आम्ही स्वतः केलंय, म्हणून सांगतो. ओळखीच्या दुकानात तासभर बसलो. मालकांनी चहा मागवला, एक जाडजूड पुस्तक वर चढून काढून दिलं. आम्ही मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि घरी येऊन मोबाइलवरून मागवलं. शंभरेक रुपये वाचले असतील. पुढल्या खेपेला त्यांनी विचारलं, “वाचलंत का सर?” वाचलं होतं. पण त्या पुस्तकावर त्यांच्याशी बोलायची सोय आम्हीच घालवून बसलो होतो.