खांद्याच्या माथ्यावरचा सांधा

कबड्डीच्या सामन्यात चढाई करणाऱ्या मुलाची पकड होते आणि तो खांद्यावर आपटतो. उठतो, पण दुखऱ्या हाताचे कोपर दुसऱ्या हाताने उचलून धरतो. खांद्याच्या माथ्यावर एक टेंगूळ दिसू लागते. भोवती जमलेल्यांपैकी एक जण म्हणतो, "खांदा निखळलाय, हात ओढून बसवा." दुसरा म्हणतो, "हाड वर आलंय, दाबून बसवा." तिसरा तेल आणायला धावतो. अशा वेळी डॉक्टर दूर असतात, शिक्षक जवळ असतात. म्हणून ते टेंगूळ कशाचे, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

आधी सांधा शोधू

डाव्या हाताचे बोट गळ्याच्या खालच्या खाचेत ठेवा. तेथून उजवीकडे निघालेल्या आडव्या हाडावरून बोट सरकवत न्या. हे हासळीचे हाड, म्हणजे जत्रुक. खांद्याच्या टोकाजवळ हे हाड संपते आणि बोटाला बारीकशी पायरी लागते. तिच्या पलीकडे आहे ते पाठीवरच्या फऱ्याचे पुढे आलेले टोक. त्याला अंसकूट म्हणतात. पायरीच्या जागी या दोन हाडांचा सांधा असतो. डॉक्टर त्याला एसी जॉइंट म्हणतात.

दंडाचे हाड ज्या खोबणीत फिरते तो खांद्याचा मोठा सांधा याच्या खाली, वेगळा आहे. 'खांदा निखळला' असे आपण म्हणतो ते बहुधा त्या मोठ्या सांध्याबद्दल. या दोहोंत गोंधळ होणे नवे नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही वैद्यांना तसे बजावलेले आहे. दुसऱ्या शतकातील प्रसिद्ध वैद्य गेलन याला तर कुस्ती खेळताना स्वतःलाच ही दुखापत झाली होती.

वासा आणि कंदील

आता एक गंमत पाहा. फरा बरगड्यांवर नुसता टेकलेला असतो, त्यांना हाडाने जोडलेला नसतो. हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा एकच, हासळीचे हाड. फऱ्यावर पुढच्या बाजूला कावळ्याच्या चोचीसारखा एक उंचवटा असतो. त्याचे शास्त्रीय नावही कावळ्याच्या ग्रीक नावावरूनच पडले आहे. या चोचीपासून हासळीच्या हाडापर्यंत दोन बळकट अस्थिबंध जातात. छपराच्या वाशाला दोरांनी कंदील टांगावा, तसा फरा आणि त्याबरोबर सगळा हात या बंधांनी टांगलेला असतो. हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण विसाव्या भागाइतके, म्हणजे साठ किलोच्या माणसात सुमारे तीन किलो भरते.

हात अंगालगत असताना माणूस खांद्याच्या टोकावर पडला की फरा जोराने खाली ढकलला जातो. आधी सांध्याभोवतीचे बंध ताणतात, मग तुटतात. धक्का मोठा असेल तर टांगणारे दोरही तुटतात. दोर तुटल्यावर कंदील खाली येतो, वासा वर जात नाही! मानेकडचे स्नायू हाडाला थोडे वर ओढतात हे खरे, पण मुख्यतः हातच खाली उतरलेला असतो आणि त्यामुळे हाडाचे टोक वर आलेले दिसते. दाबले तर ते हार्मोनियमच्या पट्टीसारखे खाली जाते आणि सोडताच पुन्हा वर येते. म्हणजे दाबून ते बसणार नाही, आणि हात ओढला तर कंदील आणखी खाली जाईल.

मैदानावर काय करावे

मुलाला बसवावे. कोपर खालून उचलून आधार द्यावा आणि त्रिकोणी पट्टीची किंवा ओढणीची झोळी बांधावी. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. ओढू नये, दाबू नये, तेल चोळू नये. बोटे बधिर किंवा थंड पडली, उंचवट्यावरची कातडी ताणून पांढरी दिसली, मान दुखू लागली किंवा श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. एरवीही क्ष-किरण चित्र काढायलाच हवे, कारण लहान मुलांत बहुधा हासळीचे हाडच मोडलेले असते. कधी त्यांचे हाड आपल्या जाड आवरणातून केळे सालीतून सुटावे तसे बाहेर सरकते. बंध मात्र आवरणाला चिकटलेले राहतात आणि त्या आवरणातच नवे हाड तयार होते. मुले लवकर बरी होतात ती यामुळे.

शस्त्रक्रिया कधी?

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद चार्ल्स रॉकवूड यांनी १९८४ मध्ये या दुखापतीचे सहा प्रकार पाडले. पहिल्यात सांध्याचे बंध फक्त ताणलेले असतात, दुसऱ्यात तुटलेले, तिसऱ्यात टांगणारे बंधही तुटलेले. पहिल्या दोन प्रकारांत एक ते तीन आठवडे झोळी, वेदनाशामके आणि नंतर व्यायाम एवढे पुरते. चौथ्यात हाड मागे स्नायूत घुसते, पाचव्यात दोन हाडांतले अंतर फार वाढते, आणि क्वचित दिसणाऱ्या सहाव्यात हाड चोचीखाली अडकते. या तिघांत सहसा शस्त्रक्रिया लागते.

वाद आहे तो तिसऱ्याबद्दल. हाड वर दिसते तर ते जागेवर बसवलेच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. पण अनुभव वेगळा आहे. कॅनडात ८३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण निखळलेल्या सांध्यासाठी काहींना धातूची आकडापट्टी बसवली, तर इतरांना झोळी दिली. क्ष-किरण चित्र शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगले दिसले, पण सुरुवातीच्या महिन्यांत झोळीवाल्यांचाच हात अधिक चांगला चालत होता, आणि दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणून आज बहुतेक डॉक्टर तिसऱ्या प्रकारातही आधी झोळी आणि व्यायाम सुचवतात. दुखणे किंवा अशक्तपणा टिकला तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. टेंगूळ कायमचे राहते, पण खांदा बहुधा कामाला येतो.

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, नाहीतर तेच आखडतात. कबड्डी, कुस्ती यांसारखे खेळ मात्र दुखणे थांबून दोन्ही खांद्यांची ताकद सारखी झाल्याशिवाय नकोत. गंभीर दुखापतीनंतर याला दोन-तीन महिने लागू शकतात. स्पर्धा जवळ आली म्हणून घाई करणाऱ्या मुलाला थांबवणे, हेही शिक्षकांचेच काम.

मैदानावरच्या त्या मुलाने पडल्यापडल्या आपले कोपर उचलून धरले होते, ते आठवा. खाली उतरलेला हात त्याने वर घेतला होता. झोळी तेच काम करते.