हिरव्या ढेकण्याला सरसकट मारू नका; आधी अंडी आणि सोंड बघा

दिवाळीच्या आसपास ओट्यावर लाईट लावून जेवायला बसलं, की एक हिरवा, ढालीसारखा चपटा किडा टप्पकन ताटात येऊन पडतो. बोटाखाली चिरडला गेला, तर भरीत तसंच बाजूला सारावं लागतं आणि दोनदा साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. कुणी त्याला हिरवा ढेकण्या म्हणतं, कुणी सरळ पादरा किडा. खाटेतल्या ढेकणासारखं तो माणसाचं रक्त पीत नाही. त्याचा डोळा असतो मूग, उडीद, तूर, सोयाबीन, टोमॅटो आणि कपाशीच्या बोंडांवर.

वास येतो कुठून? मोठ्या किड्याला उलटा केला, तर मधल्या आणि मागच्या पायांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र असतं. धोका वाटला की तिथून द्रव बाहेर येतो. पिल्लांमध्ये हीच सोय पाठीवर असते. या द्रवातलं एक रसायन कोथिंबिरीच्या पानातही सापडतं, म्हणून बऱ्याच जणांना तो वास उग्र कोथिंबिरीसारखा वाटतो. डोळ्यात गेला तर मात्र झोंबतो. लगेच स्वच्छ पाण्याने धुवावं.

वास हे त्याचं एकच हत्यार नाही. पानात मिसळून जाणारा हिरवा रंग आहेच, शिवाय झाड हललं की तो अंग सोडून खाली पडतो.

मादी पानाच्या खालच्या बाजूला पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त अंडी चिकटवते. पिंपासारखी ही अंडी मधाच्या पोळ्यासारखी एकमेकांना लागून असतात. निघालेली पिल्लं पहिले काही दिवस टरफलांवरच घोळका करून बसतात आणि पिकाला तोंडही लावत नाहीत. गंमत म्हणजे त्यांचा वासच त्यांची बोली. थोडा आला की जवळ या, जास्त आला की पळा! पाच वेळा कात टाकून, उबदार हवेत पाचेक आठवड्यांत पंखवाला किडा तयार होतो.

नुकसान वरून दिसत नाही, हीच खरी अडचण. ढेकण्या शेंगेत सोंड खुपसून दाण्याचा रस ओढतो. शेंग बाहेरून भरलेली वाटते, फोडली की दाणा सुरकुतलेला. कपाशीत सोंडेच्या छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, बोंड सडतं, रुई पिवळी पडते. बीटी कपाशीतलं विष बोंडअळीसाठी आहे. ढेकण्याला त्याने काही होत नाही.

पण एवढा वास मारणारा हा किडा एका शत्रूपुढे हतबल आहे. मोहरीच्या दाण्याएवढी एक काळी गांधीलमाशी ढेकण्याच्या पायांनी पानावर राहिलेल्या वासाचा माग काढत फिरते आणि त्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्यातून ढेकण्या नाही, माशीच बाहेर पडते. ऑस्ट्रेलियाने १९३३ साली अशी माशी इजिप्तहून मुद्दाम आणून सोडली होती. पानामागची अंडी पिवळसर किंवा नारिंगी दिसली तर पान तोडून नष्ट करा. काळी पडलेली असतील तर सहसा माशीचं काम झालेलं असतं, ती राहू द्या. उगाच फवारा मारला तर आधी ही नाजूक माशीच मरते.

दुसरी चूक ओळखण्यात होते. ढेकण्यांमध्ये एक तपकिरी जात आहे, तिच्या दोन्ही खांद्यांना टोकदार काटे असतात. वास तीही मारते, पण पानं खाणाऱ्या अळ्यांत सोंड खुपसून त्यांना शोषून घेते. पिकाचा रस पिणाऱ्याची सोंड बारीक सुईसारखी, अळी खाणाऱ्याची जाड असते. सोंडेला अळी लोंबकळताना दिसली, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

हिरवा ढेकण्या हाताने वेचायचा तर सकाळी लवकर जावं. तेव्हा तो थंडीने सुस्त असतो आणि ऊन खायला शेंड्यावर येतो. झाडाखाली साबणाच्या पाण्याची बादली धरून फांदी हलवली, की सवयीप्रमाणे अंग सोडतो आणि थेट पाण्यात पडतो. परसबागेला आणि लहान वाफ्याला एवढं पुरतं. मोठ्या शेतात संख्या वाढलेली दिसली, तर औषध दुकानात जाण्याआधी दोन-चार किडे बाटलीत घेऊन ममुराबाद, पाल किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत. बाटलीचं झाकण तेवढं घट्ट लावा, नाहीतर एसटीत शेजारी कुणी बसणार नाही.